तीन दिवसांचा डीन

कॉलेजच्या मूल्यांकनासाठी समिती येण्याच्या आदल्या दिवशी संस्थेच्या सचिवांनी मला माझ्याच केबिनमध्ये उभं ठेवून सांगितलं, "मॅडम, गैरसमज नको. दारावरचं आडनाव वाचूनच लोक मत बनवतात. तीन दिवस तुमची पाटी काढू." माझ्या खुर्चीत एक निवृत्त प्राध्यापक बसले होते. समितीपुरते डीन.

शिपाई स्क्रू-ड्रायव्हर घेऊन नुसताच उभा राहिला. त्याचा हात उचलेना. शेवटी पाटी मीच काढली. सचिवांच्या बोलण्यापेक्षा मला ती स्वतः काढल्याची जास्त लाज वाटते.

ताथवड्याच्या या इंजिनिअरिंग कॉलेजात मी दीड वर्षं इन-चार्ज डीन होते. कायम करायचं म्हटलं की "पुढच्या बैठकीत बघू." काम मात्र पूर्ण. समितीसाठीच्या सगळ्या फायली मी खपून तयार केल्या. चाकणच्या कंपन्यांचे उंबरे झिजवून पोरांना इंटर्नशिप मिळवून दिल्या.

पहिल्या दिवशी सर खुर्चीत, मी खुर्चीमागे. समितीनं काही विचारलं की मी वाकून त्यांच्या कानात उत्तर सांगायचे. ते घसा खाकरून तेच मोठ्यानं सांगायचे. समिती मान डोलवायची. दिवसभर हेच. मी एकदाही चुकले नाही.

दापोडीला घरी आई वाट बघत होती. ती लातूरकडची, चिखलीच्या वर्कशॉपात पॅकिंग करून तिनं मला शिकवलं. तिनं विचारलं, "मंग तू कुठं बसलीस गं?"

"पुढंच."

तिला बरं वाटलं. तिनं अजून एक भाकरी वाढली. ती भाकरी मला गिळवेना. डोळ्यांत पाणी आलं, तर ठसका लागल्याचं निमित्त केलं.

दुसऱ्या दिवशी समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "मागे पडणाऱ्या मुलांसाठी काय करता?" सरांनी सवयीनं मान जरा मागे कलती केली. मी वाकले नाही. सचिव डोळे वटारून बघत होते. सर हळूच म्हणाले, "सांगा ना मॅडम."

"सांगते," मी म्हणाले. भिंतीकडची खुर्ची ओढली, टेबलाशी बसले. "इथली डीन मी आहे. या सरांना तीन दिवसांसाठी आणलंय." आणि मग उत्तर दिलं.

आठवड्याच्या आत माझा चार्ज काढून घेतला. ज्या सहकाऱ्यांच्या बढतीसाठी मी भांडले, ते आता जिन्यात मला बघून मोबाइल काढतात. फार वाईट वाटतं. खोटं कशाला बोलू.

राजीनामा मागितला, तो मी दिला नाही. डीनच्या जागेची जाहिरात निघेल तेव्हा अर्ज करणार. नाकारलं तर कारण लेखी मागणार. त्या कागदावर सचिवांना सही करावी लागेल.