काळीवरचं घर

निलंग्याहून औरादच्या रस्त्याला लागलं की तेरणेच्या अंगानं सगळी काळी जमीन. त्या रस्त्यालगत आप्पासाहेबांचं स्लॅबचं घर आहे आणि अंगणात एक पत्र्याचं शेड. लोकांच्या शेडात म्हशी असतात, सोयाबीनची पोती असतात. या शेडात आप्पासाहेबांची बायको झोपते. गावातलं जुनं घर होतं तेव्हा सिंधुबाई तिथल्या अंगणात झोपायच्या, आणि हे घर झाल्यापासून शेडात. उन्हात पत्रा तापतो, पावसात तडतडतो, थंडीत टिपूस गळतो. सिंधुबाईंना त्याचं काही नाही. पत्रा अंगावर पडला तर खोक पडेल, माणूस मरणार नाही, एवढा एकच हिशेब त्यांनी मनाशी केलेला.

पूर्वी माणसं घरं पांढरीवर, घट्ट पांढुरक्या मातीवर, बांधायची आणि काळी पिकाला ठेवायची. काळीवर भिंत उभी करायचं कुणाच्या डोक्यात येत नसे. पण डांबरी रस्ता झाला, गाव रस्त्याकडे सरकलं, आणि आप्पासाहेबांनीही नदीकडच्या सखल वावरात घर बांधलं. तेव्हापासून त्या घराला स्वस्थता नाही. उन्हाळ्यात अंगण असं फाटतं की एकदा आप्पासाहेबांची मोटारसायकलची किल्ली भेगेत गेली ती गेलीच. पावसाळ्यात त्याच अंगणात पाणी साचतं, मुरत नाही की वाहत नाही, आणि शेडापासून घरापर्यंत येईस्तोवर चपलेला शेर-दोन शेर माती चिकटते. भिंतीतली चीर वैशाखात बोटभर होते आणि आषाढात मिटते. दारं उन्हाळ्यात खुळखुळ वाजतात, पावसाळ्यात चौकटीत आवळून बसतात. निलंग्याचे जिलानी मिस्त्री दर पावसाळ्यात येऊन दाराला रंधा मारतात आणि दर उन्हाळ्यात येऊन फट बुजवायला पट्टी ठोकतात.

"जिलानीभाई, तुमी एकदाच काय ते ठरवा," असं आप्पासाहेब म्हणाले, की जिलानी म्हणत, "मी काय ठरवू साहेब? ठरवणारी खाली हाय, पायाखाली."

जिलानी हे हसत म्हणत. सिंधुबाई मात्र ते ऐकलं की उठून अंगणात जायच्या.

यंदा श्रावणात त्यांची लेक सुकन्या बाळंतपणाला माहेरी आली. निलंग्याच्या दवाखान्यात मुलगी झाली, आणि बाळ-बाळंतीण घरी आली ती थेट आतल्या खोलीत. पहिल्याच रात्री वाद झाला.

"आई, तू आत ये ना झोपायला," सुकन्या म्हणाली. "ही रात्रभर रडते. मला एकटीला सुधरत नाही."

"तूच ये की शेडात. लेकराला पंखा लावते."

"बाळंतीण शेडात? म्हशीशेजारी?"

"म्हैस कवाच इकलीया."

"आई, मी चेष्टा करून राहिले नाही."

सिंधुबाई दिवसभर खोलीत असायच्या. बाळाला तेल लावणं, न्हाऊ घालणं, शेक, धुरी, लेकीला डिंकाचा लाडू, सगळं निगुतीनं. पण तेही कसं, तर दाराकडं तोंड करून. दार लोटलं गेलं की उठून उघडायच्या. दिवस मावळला की त्यांचा हात कामातून निघायचा आणि डोळे चौकटीवर जायचे. मग काहीतरी निमित्त काढून त्या बाहेर पडायच्या. रात्री बाळ रडलं की शेडातून हाक मारायच्या, "पोटाला हिंग लाव गं." सुकन्या रागानं खिडकी लावून घ्यायची.

शेवटी लेकीनं सांगून टाकलं. "सत्यम रविवारी येणार आहे. मी त्याच्याबरोबर लातूरला जाते. सासूबाई निदान एका खोलीत तरी झोपतील."

लातूरचं जावयाचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. सिंधुबाई एकदाच तिथं गेल्या होत्या आणि चहा पिऊन परत आल्या होत्या. आता ते एवढंसं लेकरू तिसऱ्या मजल्यावर, वर आणखी दोन मजले. म्हणजे लेकीला थांबवायचं तर स्वतः स्लॅबखाली झोपायचं, आणि शेडात झोपायचं तर नातीला त्याहून मोठ्या स्लॅबखाली धाडायचं. त्यांनी हे दोन्ही बाजूंनी पुष्कळदा उलटून पाहिलं. कुठूनच सुटेना.

सिंधुबाईंचं माहेर किल्लारीकडचं. त्यांच्या वडिलांचं घर काळीवर नव्हतं, चांगलं पांढरीवर होतं, दगडामातीच्या जाड भिंतींचं, वर मातीचं धाबं. त्र्याण्णव साली, भूकंपाच्या आधी, भादव्यात त्यांच्या माजघराचं दार अडकायला लागलं. आदल्या सालापासून मधूनच जमीन गुरगुरायची, भांडी वाजायची, माणसं त्यालाही सरावली होती. सिंधु तेव्हा लग्नाच्या वयाची. ती वडिलांना म्हणाली, दादा, दार कामून लागंना? दादा म्हणाले, "फुगलंय." पाऊसही होताच. गणपती बुडवून आले त्या रात्री ती अंगणातच आडवी झाली आणि आई आत माजघरात. पहाटे जे झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ती आणि दादा दार ओढत राहिले. दार उघडलं नाही, आणि मग ओढायला दारच राहिलं नाही.

दादा नंतर बरीच वर्षं जगले. ते दार पावसानं फुगलं होतं, की जमीन आधीच सरकत होती, हे सिंधुबाईंनी त्यांना कधी विचारलं नाही. दादांनाही ते माहीत नसावं. आणि लग्न होऊन त्या या गावात आल्या, नि पुढं नवऱ्यानं घर बांधलं ते या काळीवर, जिथं दारं दरसाल अडकतात, भिंती दरसाल चिरतात, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणतं की काही नाही, काळी फुगलीय. खरंच फुगलेली असते. दर वेळी तेच खरं निघतं. म्हणून तर सिंधुबाईंना कळेनासं झालं होतं की खोटं निघायची वेळ आली तर ती ओळखायची कशी.

शुक्रवारी सकाळी भावकीतली दोन माणसं आप्पासाहेबांकडे आली, म्हणून सुकन्यानं बाळाला पाजायला आतलं दार लावून घेतलं. माणसं गेली. सिंधुबाई तेल कोमट करून आल्या आणि त्यांनी दार ढकललं. दार हललं नाही. आतून सुकन्यानं ओढून पाहिलं. आप्पासाहेबांनी खांदा लावला. चौकटीतून नुसती चुन्याची भुकटी पडली.

"फुगलंय," आप्पासाहेब म्हणाले.

सिंधुबाईंनी तेलाची वाटी खाली ठेवली आणि नवऱ्याचा दंड धरला. "बाहेर या. आधी बाहेर या."

"अगं, दार अडकलंय. काय झालंय एवढं?"

"बाहेर या म्हणते न्हवं."

त्या अंगणात उतरल्या. पाऊस भुरभुरत होता. जमीन हलतेय का बघायला म्हणून त्यांनी चपला काढल्या आणि अनवाणी उभ्या राहिल्या. पण ओल्या काळीत पाय ठेवला की पायच हळूहळू आत जातो. जमीन सरकतेय की आपण रुततोय, ते कळायला मार्ग नाही. त्यांनी एक पाय उपसला, दुसरा ठेवला. तोही गेला. डोकं गरगरायला लागलं, तर ते तरी आतून की बाहेरून.

खिडकीच्या गजांमागून सुकन्या हसत म्हणाली, "आई, तू भात लावून राहिलीस का तिथं?" मग आईचा चेहरा बघून ती गजांना टेकली. म्हणाली, "आम्ही बरे आहोत. ही झोपलीय. बघ."

"तिला गजातनं दे इकडं."

"मांजर आहे का गजातनं द्यायला?"

आप्पासाहेबांनी जिलानींना फोन लावला. ते येईपर्यंत सिंधुबाई खिडकीशी उभ्या राहिल्या, एक हात आत घालून, लेकीच्या मनगटाला धरून. सुकन्यानं हात सोडवला नाही. एवढ्या घट्ट आईनं तिला कधी धरल्याचं तिला आठवत नव्हतं.

जिलानी आले, त्यांनी दार वरून खालून थोपटलं, डोळा लावून चौकट पाहिली. "लाकूड फुगलंय," ते म्हणाले. मग पुन्हा पाहून म्हणाले, "न्हाई, चौकट तिरपी झालीया. हा कोपरा उचललाय जमिनीनं." मग मागे सरून डोकं खाजवलं. "दोन्ही असंल, वैनी. खरं सांगायचं तर मला बी लई कळंना. बिजागऱ्या आतल्या बाजूनं हायत. सुकन्या, बेटा, पेचकस धरता येतो का?"

"बाळंतिणीनं पेचकस धरायचा?" सिंधुबाई म्हणाल्या.

"मग तू जा आत आन् धर," आप्पासाहेब वैतागून म्हणाले.

पेचकस गजातून आत गेला. सुकन्यानं खालच्या बिजागरीचे स्क्रू बसून काढले, मधल्याचे वाकून. वरच्यासाठी ती स्टुलावर चढली तेव्हा सिंधुबाईंनी डोळे मिटले. "एक गंजलाय, चाचा," आतून आवाज आला. "पिळ, बेटा, शिव्या दे त्याला." सुकन्यानं खरंच एक शिवी दिली. आप्पासाहेब रस्त्याकडे बघायला लागले. मग जिलानींनी फटीत पहार घातली, दोनदा हिसका दिला, आणि सगळं दार सुटून आत कललं, त्याच्याबरोबर जिलानीही.

सिंधुबाई त्यांना आणि दाराला ओलांडून आत गेल्या. झोपलेलं बाळ उचलून छातीशी धरून शेडात नेलं. लेक मागून आली. पत्र्यावर पाऊस वाजत होता, खाली ओल चढलेली, पोत्याचा कुबट वास. बाळ दचकून उठलं आणि किंचाळायला लागलं. पाजलं तरी राहीना.

"इथं नाही झोपायची ती, आई," सुकन्या थकून म्हणाली. "रविवारी जाते मी. तू वाईट वाटून घेऊ नकोस."

तिकडे ओसरीत जिलानींनी दार आडवं टाकून रंधा काढला होता. सिंधुबाई त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"जिलानीभाई, हे बसवू नका."

"चांगलं बसवतो, वैनी. यंदा अडकायचं न्हाई."

"अडकंल न अडकंल. दारच नको."

आप्पासाहेब उठले. "बाळंतिणीच्या खोलीला दार नको? परवा जावई येऊन राहिलेत. काय सांगायचं त्यांना?"

"पडदा लावते. वाकळ लावते."

"आन् मांजर? कुत्रं? वारं?"

"मी असंन की आत."

आप्पासाहेब उठले होते ते परत खाली बसले. मग चाचपडत म्हणाले, "पण तुला भ्या कशाचं हाय नेमकं? काळीचं का भूकंपाचं? एक काय ते सांग."

"तेच मला कळत न्हाई," सिंधुबाई म्हणाल्या. "कळलं असतं तर तवाच सांगितलं असतं."

जिलानींनी रंधा पिशवीत टाकला. दार उचलून भिंतीला लावलं, चौकटीत दोन खिळे ठोकले आणि सुतळी बांधून दिली. आप्पासाहेबांनी पैसे पुढे केले तर म्हणाले, "दार काढायचे कसले पैसे? हे तर माझं गिऱ्हाईकच तुटलं."

दुपारी बाळ न्हाऊन झोपलं. सुतळीवर वाकळ टाकली होती आणि खालून अंगणातला उजेड आत येत होता. सिंधुबाई लेकीशेजारी आडव्या झाल्या. स्लॅब दिसत होता, त्याचे पोपडे दिसत होते. सुकन्यानं उशी त्यांच्याकडे सरकवली.

डोळा लागतो न लागतो तोच भिंतीत कुठेतरी कट् असा आवाज झाला. सिंधुबाईंनी बाळ उचललं, वाकळ सारली, आणि त्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. पाऊस थांबला होता. साचलेलं पाणी जरासुद्धा हलत नव्हतं. म्हणजे काही नव्हतं. किंवा होऊन गेलं होतं. त्या थोडा वेळ थांबल्या आणि आत येऊन पुन्हा आडव्या झाल्या.

"काय झालं?" सुकन्यानं झोपेत विचारलं.

"काय न्हाई. बगून आले."

संध्याकाळपर्यंत त्या आणखी दोनदा बघून आल्या. तिसऱ्यांदा उठल्या तेव्हा सुकन्या फोनवर होती. "रविवारी ये तू," ती नवऱ्याला सांगत होती, "पण रिकाम्या हातानं परत जायचंय तुला. आणि येताना एक जाड पडदा आण. रंग कसलाही चालेल."