साडूच्या शोकेसमधली बोर्दो

माझा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, न्हावा-शेवा बंदरात एका जहाज एजंटाकडे कामाला होता. मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका व्यापाऱ्याकडे माल चढवण्या-उतरवण्याचं बघायचो. त्याला बोटींवरचे कप्तान भेटायचे, मला ट्रकवाले. त्याच्या नेरूळच्या घरी परदेशी चॉकलेटं आणि सेंटच्या बाटल्या यायच्या. माझ्या घरी शर्टाच्या कॉलरला चिकटून गंज यायचा. हेवा वाटायला खरं तर एवढंही पुरे होतं. त्यात ती बाटली आली.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. कसल्याशा कागदपत्रांच्या घोळातून साडूने एका फ्रेंच कप्तानाला सोडवलं, म्हणून त्याने ती भेट दिली. बोर्दो नावाच्या मुलखातली लाल वाइन. प्यायची नाही, राखून ठेवायची, असं कप्तानाने बजावलं होतं म्हणे. जितकी जुनी होईल तितकी महाग; तिकडे लोक जमिनी घेऊन ठेवतात तशा या बाटल्या घेऊन ठेवतात. हे ऐकवायला साडूने आम्हाला मुद्दाम जेवायला बोलावलं. हॉलमधल्या शोकेसमध्ये, बरोबर ट्यूबलाइटखाली, आल्यागेल्याला लेबल दिसेल अशी ती उभी होती. माझ्याकडेही पोस्टाची सर्टिफिकेटं होती आणि तीही वाढतच होती. पण सर्टिफिकेटं दाखवायला कोणी कोणाला जेवायला बोलावत नाही.

माझं खरं दुखणं सासऱ्यांचं होतं. सासरे साताऱ्याचे, एकदम कडक. मी एकदा कुणाच्या तरी लग्नात ग्लासभर बियर घेतली, तर पुढच्या दिवाळीपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. आणि इथे धाकट्या जावयाच्या घरात अख्खी बाटली दिमाखात उभी, तर म्हणाले, "ती दारू न्हाई, ठेव हाय." आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मलाही ठाऊक आहे; पण इथे दोन्ही जावई त्यांचेच होते की! बायकोनेही वडिलांच्या बोलण्याला मान डोलावली. बहिणीच्या नवऱ्याला पुढचं दिसतं, असं ती घरी आल्यावर म्हणाली. माझ्याबद्दल काहीच म्हणाली नाही. बायकोच्या नजरेत आपण कितीसे आहोत, हे तेव्हापासून मी त्या बाटलीशी उभं राहून मोजायला लागलो.

दर लक्ष्मीपूजनाला आम्ही नेरूळला जमायचो. पाटावर मेहुणीचे दागिने, बँकेचं पासबुक आणि मधोमध बोर्दो. मेहुणी ओल्या बोटाने तिच्या लेबलाला हळद-कुंकू लावायची, वर अक्षता दाबायची. घरातलं धन आहे तर पुजायला नको? थोरला जावई म्हणून आरती मलाच म्हणायला लावायचे. घसा ताणून मी आरती म्हणायचो आणि मनात म्हणायचो, फुटू दे एकदाची. आरती झाली की साडू यंदा भाव कुठवर गेलाय ते सांगायचा. भाव कधी उतरला म्हणून ऐकलं नाही.

अशा काही दिवाळ्या गेल्या. मग साडूने खारघरला मोठं घर बुक करायचं काढलं आणि त्याला हातभार म्हणून बाटली विकायची ठरवली. मुंबईतल्या एका बड्या हॉटेलात वाइनची खरेदी बघणारा माणूस त्याने ओळखीतून गाठला. त्या रविवारी आम्हा नवरा-बायकोलाही बोलावणं आलं. थोरलं माणूस सोबत असावं, असं साडूचं म्हणणं. माझी जिरवायला बोलावतोय, असं माझं.

मे महिना होता, त्यात लाइट गेलेली. त्या माणसाने शोकेस उघडली, बाटलीला हात लावला आणि पहिलं विचारलं, ही कायम उभीच असते का? साडूने छाती फुगवून सांगितलं, एकदाही आडवी होऊ दिली नाही. मग त्याने लेबलावरचा पिवळा थर नखाने खरवडून हे काय म्हणून विचारलं. मेहुणी म्हणाली, हळद, दर दिवाळीची. त्याने बाटली जपून परत ठेवली. नंतर त्याने हलक्या आवाजात समजावलं. अशी बाटली थंड, अंधाऱ्या जागी आडवी ठेवतात, म्हणजे बूच ओलं राहतं. हिचं बूच वाळून आत हवा गेली होती आणि इथल्या उकाड्यात वाइन शिजून निघाली होती. लेबलावरचं नाव आणि सालही धड वाचता येत नव्हतं. आता हिला कोणी गिऱ्हाईक मिळणार नाही, एवढं सांगून, चहा घेऊन तो गेला.

सुंठीवाचून खोकला गेला. मी जमेल तितकं दुःखी तोंड केलं आणि पुढचा तमाशा बघायला सरसावून बसलो. आता साडू बायकोवर हळदीचं खापर फोडणार, ती रडणार, आणि माझी बायको हे सगळं बघणार. आमच्या घरी असंच झालं असतं.

साडू नुसता बाटलीकडे बघत होता. मेहुणी म्हणाली, "एवढी वर्षं पुजली, आता मोरीत कशी ओतायची? तीर्थ म्हणून तरी घेऊ या." तो तिच्याकडे बघतच राहिला आणि एकदम हसायला लागला. स्क्रूड्रायव्हरने बूच काढायला गेला तर त्याचा भुगा झाला. मग चहाच्या गाळणीने ती वाइन तांब्यात गाळली आणि मेहुणीने पळीने प्रत्येकाच्या हातावर घातली. शिळ्या चिंचेच्या कोळासारखी लागली. मेहुणीचं तोंड इतकं वाकडं झालं, की साडूला हसता हसता ठसका लागला आणि तीच त्याची पाठ थोपटायला लागली.

"उभी मी ठेवली, हळद तू लावलीस," तो तिला म्हणाला. "फिफ्टी-फिफ्टी."

माझी बायको पदराने डोळे पुसत हसत होती. आमच्या घरात ती इतकी हसल्याचं मला आठवेना. बाटलीचा मला इतकी वर्षं हेवा वाटत होता, तो त्या दोघांच्या हसण्याच्या हेव्यापुढे काहीच नव्हता. बाटली गेली तरी साडू होता तिथेच होता, माझ्यापेक्षा वर.

परतताना स्कूटरवर ती मागे बसली होती. बेलापूर मागे पडलं. मग माझ्या खांद्याशी वाकून तिने विचारलं, "आपलं असं काई बुडालं असतं, तर तुमी हसला असता का ओ माझ्याबरोबर?"

वाऱ्यात ऐकू येत नाही, असं मी म्हणालो. तिने पुन्हा विचारलं नाही.