ताटात पडेल ते

माझी थोरली बहीण चतुराबाई आणि तिचे यजमान संतराम, म्हणजे माझे दाजी, मिशनची सेवा संपवून हिंगोलीला मुलाकडं राहायला आले, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला. त्यांचा मुलगा विजयकुमार माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली बाई, घरात एकटी. हक्कानं बोलायला माणूस नाही. अक्का आली की रोज मनसोक्त भांडता येईल, एवढीच माझी अपेक्षा होती.

भांडण राहिलं बाजूला, ही बाई साधी कुरकुरसुद्धा करेना.

आम्ही शिरड शहापूरचे, दाजीही तिथलेच. आजोबांपासून आमच्या घरात येशूची प्रार्थना चालत आलेली. दाजी पाळक झाले, आणि लग्न झाल्या झाल्या अक्काला घेऊन सातपुड्यातल्या पाड्यांवर गेले ते तिकडचेच झाले. ते प्रार्थना चालवायचे, ही मिशनचं वसतिगृह सांभाळायची. पाड्यावरच्या लेकरांचं जेवणखाण, खरूज, ताप, रडणं सगळं हिच्या पदरात. आणि स्वतःचा विजय? तिकडं चौथीच्या पुढं शाळा नव्हती म्हणून तो दूर शहरात, मिशनच्याच दुसऱ्या वसतिगृहात. आई परक्या लेकरांना वाढणार आणि तिचं लेकरू परक्या पंगतीत बसणार, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. अक्काला बोललं की ती म्हणायची, "देव बघतो त्याच्याकडं." देव बघत असेल, मी कशाला नाही म्हणू! पण देव काही सदऱ्याची तुटलेली बटणं लावून देत नाही.

तर अशी ही दोघं चार ट्रंका घेऊन आली. विजयचं एसटी आगाराजवळ पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे, घर दोन खोल्यांचं पण नेटकं. त्याची बायको प्रियंका हौशी पोरगी. तिनं अर्धं कपाट रिकामं करून ठेवलं होतं. ते रिकामंच राहिलं. कपडे ट्रंकेत, चष्मा पिशवीत, अंथरूण सकाळी घडी घालून कोपऱ्यात. अक्का आंघोळीला जायच्या आधी विचारायची, "जाऊ का?" उकडून जीव चालला तरी दोघं पंखा लावायची नाहीत. जेवण झालं की दाजी हात जोडून पुस्तकी मराठीत म्हणायचे, "प्रियंकाबाई, फार उत्तम जेवण झालं. प्रभू आपलं कल्याण करो." आणि आपलं ताट आपणच घासायला घ्यायचे.

"मावशी, माझं काही चुकून राहिलं का?" प्रियंकानं मला एकदा भाजीच्या गाड्यापाशीच गाठलं. "असं वागतेत की जसं उद्याच्या गाडीनं निघायचंय."

तिला काय सांगणार? निघायचंच चाललं होतं. मिशनच्या आवारात निवृत्त सेवकांसाठी खोल्या आहेत, त्यातली एक रिकामी झाली होती. तिथले साहेब दाजींना फोन करून विचारत होते. उन्हाळ्याच्या आत कळवायचं होतं. दाजींनी विजयच्या कानावर घातलं, "तुमच्यावर भार नको." विजय म्हणाला, "तुमची मर्जी," आणि पाना-पकडीची पिशवी उचलून दुकानात गेला. बस्स, एवढंच बोलणं. या बापलेकांना एकमेकांशी बोलायला कुणी शिकवलंच नव्हतं. मी मात्र घरी येऊन रडले. उभा जन्म जिची वाट पाहिली ती बहीण दोन गल्ल्यांवर येऊन परत चालली होती, आणि तिला अडवायला माझ्याकडं एकही कारण नव्हतं.

एके दिवशी सकाळी मी गेले तर अक्का ओट्यावर बसून वाटीभर शेवयांची खीर खात होती. प्रियंका पळी घेऊन आणखी वाढायला उभी.

"अक्का, तुला शुगर हाय ना गं?" मी ओरडलेच. तिकडं असताना तिनंच मला फोनवर सांगितलं होतं. माझा आवाज वर्गातला, चार घरं पलीकडं गेला असेल.

अक्कानं डोळ्यांनी मला दटावलं, पण आता काय उपयोग! प्रियंकाच्या हातातली पळी तशीच राहिली. मग एकेक गोष्ट बाहेर आली. तिकडं असताना अक्का बिनसाखरेचा चहा प्यायची. इथं पहिल्याच दिवशी सुनेनं प्रेमानं गोड चहा पुढं केला, तो हिनं गपगुमान प्याला. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ तोच चहा, वर शिरा, पुरणपोळी, खीर. आल्याचं कौतुक म्हणून प्रियंका रोज काहीतरी गोड करायची आणि ही रोज खायची. गोळ्या घ्यायची पदराआड. दाजींना वांगं खाल्लं की अंगाला खाज सुटते, ते वांगं खाऊन रात्रभर पाठ खाजवत बसायचे. दोघांनीही चकार शब्द काढला नाही.

विजयला बोलावलं, रक्त तपासलं. आकडा बघून डॉक्टर अक्काला नाही, विजयलाच बोलले, "घरात लक्ष ठेवत जा की हो." विजय खाली मान घालून ऐकत राहिला.

घरी आल्यावर प्रियंकाचा बांध फुटला. "मी महिनोन्‌महिने यांना जहर घालून राहिले, अन् एका शब्दानं सांगितलं न्हाई! आमी काय वैरी हाव का?"

दाजी गोंधळून गेले. त्यांनी समजावलं ते असं. पाड्यांवर फिरताना मुक्काम लोकांच्या घरी असायचा. माणसं गरीब. आपण काही मागितलं, तर घरधनीण शेजारून उसनं आणणार. खोड काढली, तर तिच्या जिवाला लागणार. म्हणून मिशनमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात, ताटात पडेल ते खायचं, मागायचं नाही, निघताना जागा झाडून द्यायची. "सवय झाली हो," ते म्हणाले.

नियम चांगलाच. त्या पाड्यांवरच्या माणसांसाठी तर फारच चांगला. पण पोटच्या पोराच्या घरात तो आणायचा म्हणजे अति झालं, आणि हे मी दाजींच्या तोंडावर बोलले.

विजय इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. तो हळूच म्हणाला, "मला ठाऊकच नव्हतं, आईला शुगर हाय ते." सख्ख्या आईला काय चालतं, काय चालत नाही, हे चाळिशीच्या पोराला ठाऊक नाही. आणि आईनं सांगितलं नाही, कारण पोराच्या घरी ती मुक्कामाला उतरली होती! अक्का पदर तोंडाला लावून बसली. मला तिचा राग आला होता, तो कुठल्या कुठं गेला.

दुसऱ्या दिवसापासून प्रियंकानं फर्मान काढलं. दर जेवणाला दोघांनी एक तरी खोड काढायचीच, त्याशिवाय पानावरून उठायचं नाही. मी खास बघायला गेले. दाजींनी भाकरी हातात धरून उलटीपालटी केली, घसा खाकरला आणि म्हणाले, "भाकरी... जरा जास्तच गोल आहे."

"ही खोड न्हाई, ही तारीफ झाली," प्रियंका म्हणाली. "दुसरी काढा."

अक्काचं तर त्याहून अवघड. वरणाकडं बघत बसली, शेवटी म्हणाली, "वरण गरम हाय." आम्ही हसून हसून बेजार. चार दिवसांनी तिनं धीर करून "मिरची थोडी कमी" असं म्हटलं आणि लगेच सुनेचा हात धरून माफी मागितली. चहा बिनसाखरेचा सुरू झाला, वांगं घरातून हद्दपार झालं. पण ट्रंका होत्या तिथंच होत्या. खोड काढणंही दोघं हुकूम म्हणून पाळत होती. आणि मिशनच्या साहेबांना उत्तर द्यायचे दिवस जवळ येऊन राहिले होते.

मग तो साखऱ्याचा दिवस आला. सेनगाव तालुक्यातल्या साखरा या गावी बोअरमध्ये मोटार अडकली होती, ती काढायला विजय सकाळी मोटारसायकलवर गेला. जाताना म्हणाला, "जेवायला येतो." दुपार टळली, विजय नाही. फोन लावला तर बंद. प्रियंकाला या कामाची सवय, ती म्हणाली, "मोटार लवकर निघत न्हाई, येतील." अक्का मात्र फाटकापाशी जाई, परत येई, पुन्हा जाई. मी तिला बसवलं तर उठून उभी. जेवलीसुद्धा नाही. दिवेलागण झाली तेव्हा गाडीचा आवाज आला आणि विजय आत आला, डोक्यापासून पायापर्यंत चिखलानं माखलेला.

"कुठं व्हतास रं?" अक्काचा असा आवाज मी आमच्या लहानपणानंतर ऐकला नव्हता. "जेवाया येतो म्हणून गेलास ना? फोन काहून बंद? हितं माझा जीव टांगणीला लागलाय अन् तुला काही फिकीर हाय का न्हाई? एवढा घोडा झालास, एक निरोप देता येत न्हाई?"

मग अक्काच्या लक्षात आलं आपण काय केलं ते. तिचा चेहरा पडला. "चुकलं रं माझं," ती पुटपुटली. "तू दमून आलास अन् मी..."

"थांबू नकोस," विजय म्हणाला. त्यानं पिशवी खाली ठेवली. "बोल अजून."

"आता काय बोलू?"

"काय बी बोल. वसतिगृहात उशीर झाला की हजेरी घ्यायचे अन् झोपा म्हणायचे. मला कुणी असं बोललंच न्हाई कधी, आई."

अक्कानं मग मागंपुढं पाहिलं नाही. चिखलाचे पाय घेऊन घरात आल्याबद्दल बोलली, उपाशी राहिल्याबद्दल बोलली, दाढी वाढल्याबद्दल बोलली, आणि बोलता बोलता स्वतःच्या पदरानं त्याचं तोंड पुसत राहिली. एवढा थोराड गडी, पण लहान लेकरासारखा उभा होता. प्रियंका हसत होती आणि डोळेही पुसत होती. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला म्हणा, मला दुसरं काही सुचत नाही.

दाजी केव्हा उठून ओसरीवर गेले, कुणाच्या लक्षात आलं नाही. बाहेरून त्यांचा फोनवरचा आवाज आला, उपासनेतला खणखणीत, पण बोली मात्र शिरड शहापूरची.

"साहेब, ती खोली दुसऱ्या कुणाला देऊन टाका. न्हाई, न्हाई, तब्येत बराबर हाय. आमचं पोरगं घरी यायला उशीर करून राहिलंय, आमाला हितंच ऱ्हावं लागंल."