दोन हातांचा नमस्कार

लकवा मारून आईचं डावं अंग लुळं पडलं, तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या आणि रोजचा व्यायाम सांगितला. गोळ्या ती घ्यायची. पण फिजिओथेरपिस्टला दाद देत नव्हती. दोन्ही हातांची बोटं गुंफून वर न्या, एवढंच तो सांगायचा.

"लहान पोरीवानी खेळू काय मी आता?" आई म्हणायची.

मग कुणीतरी शेजारच्या मावला गावच्या एका निवृत्त नर्सबाई सुचवल्या. तळपायाचे ठरावीक बिंदू दाबून त्या उपचार करायच्या; रिफ्लेक्सॉलॉजी म्हणायच्या त्याला. डॉक्टर म्हणाले, "बरं वाटत असेल तर करा. पण गोळ्या आणि व्यायाम सोडू नका."

बाई आल्या. केस पांढरेशुभ्र. खाली बसून त्यांनी आईचं उजवं पाऊल मांडीवर घेतलं, तसं आईनं ते झटकन ओढलं.

"माह्यापेक्षा मोठी बाई माहे पाय धरते? शोभते का हे?"

"अम्मा, मोठी तुम्हीच," बाई तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाल्या.

"मी? माहे केस पाहा!"

"कलर आहे तो."

आईनं पदर डोक्यावर ओढून घेतला. मेंदी मीच लावून दिली होती.

शेवटी तडजोड निघाली. आधी आई नमस्कार करणार, मगच पाय देणार. पण एका हाताचा नमस्कार तिला पटेना. "हे त माशी हाकलल्यावानी दिसते." म्हणून उजव्या हातानं डावा ओढत आणून, घामाघूम होऊन तिनं हात जोडले. बाई आल्या की एकदा, निघाल्या की एकदा, मध्ये पाणी प्यायला उठल्या तरी एकदा.

पावसाळा सरता सरता डावा हात आपला आपण छातीपर्यंत यायला लागला. बाईंच्या मते ही अंगठ्याखालच्या बिंदूची करामत, फिजिओथेरपिस्टच्या मते व्यायामाची. मी चहा करायला आत गेले.

एका सकाळी बाई मावल्याहून पायीच आल्या आणि पाय भरून आले म्हणाल्या. थोड्या वेळानं फिजिओथेरपिस्ट आला, तर बाई पलंगावर लवंडलेल्या आणि आई खुर्चीत बसून दोन्ही हातांनी त्यांचा तळपाय रगडत होती.

"पेशंट कोण आहे इथं?"

"चूप राहा. बाईचा आत्ताच डोळा लागला."

त्यानं आईच्या डाव्या हाताकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि दारातच उभा राहिला.

आई आता काठी घेऊन फिरते. डावा पाय अजून घासतो, म्हणून डावीच चप्पल झिजते. परवा बाजारात ती दुकानदाराला म्हणाली, "डावीच दे बाप्पा, उजवी चांगली हाय."