हाताच्या मापाची माळ

मी शाळेत आठवी-नववीला गणित शिकवते. आणि काही काळ, घरी आल्यावर, मी माझ्या साडेचार वर्षांच्या मुलीचा छळ करत असे. त्याला मी तेव्हा ‘गप्पांतून गणित’ म्हणायचे. पालकसभेत मीच इतरांना सांगायचे, मुलांशी बोलता बोलता आकडे येऊ द्या. घरात मात्र बोलणं कुठलं, सगळी तोंडी परीक्षा! पायऱ्या किती चढलीस? ताटात इडल्या किती? एक खाल्लीस, मग उरल्या किती? उत्तर चुकलं की माझा चेहरा बदलायचा. मला वाटायचं, तिला ते कळत नाही.

एका सकाळी मी अगदी साधं विचारलं, “किती इडल्या वाढू?” ती ताटाकडे बघत म्हणाली, “माहीत नाही.” भुकेलेली पोर, पण मी विचारलंय म्हणजे चुकायची भीती. त्यानंतर महिनाभर तिनं माझ्यासमोर आकड्यांचा चकार शब्द काढला नाही. मी खोलीत आले की तिची खेळातली मोजणीसुद्धा थांबायची.

सासऱ्यांशी मात्र अखंड बडबड. ते जन्मापासून म्हैसूरचे, बोलणं निम्मं मराठी, निम्मं कन्नड. संध्याकाळी आमच्या सरस्वतीपुरमच्या गल्लीत फुलवाली येते. ती मल्लिगेची, म्हणजे मोगऱ्याची, माळ मोळानं देते. मोळ म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा तिचा हात. एके दिवशी सासऱ्यांनी दोन मोळ माळ घेतली. लेकीनं ती व्हरांड्यात पसरली, स्वतःच्या हातानं मापली आणि ओरडली, “अज्जा, तीन आहेत!”

“तीन कसे असतील...” मी दारातून सुरुवात केलीच होती. सासऱ्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की चाळीस पोरांना गप्प करणारी मी गप्प झाले.

“हौदा, पुट्टी? खरंच की काय? बघू की, माझ्या हातानं किती येतात ते.” त्यांनी हात टेकवला. दोनसुद्धा भरले नाहीत. “अय्यो! माझे कमीच झाले की गं. फुलं कुठं गेली?”

ती विचारात पडली. माळ उलटसुलट करून पाहिली. मग जरा घुटमळली आणि माळ ओढत माझ्याकडे आली. मी खाली बसले. तिनं माझा हात फरशीवर ठेवला आणि माळ त्याला लावली. एकदा, मग पुन्हा एकदा. माळ संपली. तिनं आपला हात माझ्या हाताशेजारी ठेवला, दोन्हींकडे पाहिलं.

“आई, मी मोठी झाले की माझे पण दोनच होणार?”

आठवीला व्यस्त प्रमाण शिकवताना हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. पण खरं सांगते, त्या क्षणी गणिताचं काही सुचलंच नाही. तिनं मला विचारलं होतं, एवढंच कळत होतं. डोळे भरून आले. “हो गं,” म्हणाले. ‘का बरं?’ हा पुढचा प्रश्न जिभेवर आलाच होता, तो गिळला.

“मग मला मोठं नाही व्हायचं,” ती म्हणाली, आणि माझ्या मांडीत बसून माळेतली फुलं मोजायला लागली. मोठ्यानं. माझ्यासमोर.