अर्ध्या शटरचं दुकान

आमची आत्या कुणापुढे वाकत नाही. मात्र गेल्या वर्षी तिनं अख्ख्या गल्लीला वाकायला लावलं, तेही एका साळुंकीपायी.

आत्या मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करते. दुकान एवढंसं, की तिनं पंखा उघडला तर गिऱ्हाइकानं बाहेर उभं राहायचं. तिला कावीळ झाली आणि दुकान बरेच दिवस बंद राहिलं. बरी होऊन आली, शटर नाकापर्यंत उचललं, तोच वरून असा कलकलाट झाला की तिचा हात तिथंच थबकला. टॉर्च मारून पाहिलं. शटर जिथं गुंडाळलं जातं त्या पेटीच्या कोपऱ्यात काड्या, चिंध्या, कुणाच्या तरी स्वेटरची लोकर आणि चार उघड्या चोची. शटर पूर्ण वर घेतलं असतं तर गुंडाळी फुगून चौघंही चिरडली असती.

आत्यानं कडेच्या पट्टीतून बोल्ट घातला, शटर तिथंच अडकवलं आणि कामाला बसली. ती बुटकी, तिला मान लववली की पुरे. बाकीच्यांची मात्र कंबर मोडायची पाळी.

शेजारच्या चष्मेवाल्याला तोडगा पाठच होता. "ताई, त्यात काय एवढं? उचलायचं, खोक्यात घालायचं, खोकं झाडावर ठेवायचं."

"आणि आईला पत्ता कोण कळवणार, तुम्ही? ती जागा ओळखते, खोकं नाही. तुमचं दुकान रातोरात पलीकडच्या चौकात नेलं तर गिऱ्हाइकं पोचतील का?"

"माझी तर इथंही पोचत नाहीत," चष्मेवाला म्हणाला आणि काचा पुसत बसला.

खरी अडचण गाळ्याच्या मालकांची. त्यांना सगळे तत्त्वकाका म्हणतात, कारण चहात साखर कमी पडली तरी त्यांना तो तत्त्वाचा प्रश्न वाटतो. ते रस्त्यावरूनच गरजले, "अर्धं शटर म्हणजे कुणीतरी गेलंय, सुतक आहे असं दिसतं. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"कुणी गेलं नाही काका, चौघं आलेत."

"सोमवारी शटर पूर्ण वर पाहिजे. नाहीतर गाळा रिकामा करा."

"टेबल फुटपाथवर टाकीन. शटर हलणार नाही."

संध्याकाळी बाबांनी समजावलं, "अगं, पाखरांसाठी स्वतःच्या पोटावर पाय आणतेस?"

"माझ्या पोटावर पायच येतोय, दादा. त्यांच्या अंगावर लोखंडी शटर येतंय."

बाबांनी पेपर तोंडापुढे धरला. तो उलटा होता.

सोमवारी तत्त्वकाका आकडीची काठी घेऊन हजर. मागे गल्लीतले सगळे रिकामटेकडे. आत्या आतूनच म्हणाली, "बोल्ट आतल्या बाजूला आहे. या, काढा आणि शटर वर ढकला. मी हात धरणार नाही. पण आत येऊन ढकला. बाहेरून आवाज ऐकू येत नाही."

काका हप्त्याहप्त्यानं वाकले. आधी मान, मग पाठ, शेवटी पोटाला 'चल रे बाबा' म्हणावं लागलं. आत पोचून त्यांनी बोल्टला हात घातला, तेवढ्यात साळुंकी चोचीत किडा घेऊन त्यांच्या कानाला वारा घालत वर गेली. डोक्यावर चौघांनी एकच गिल्ला केला. आत्या मिक्सरचा स्क्रू पिळत होती. तिनं वर पाहिलं नाही, फक्त स्क्रू केव्हाच घट्ट बसला होता तरी ती पिळतच राहिली.

काकांचा हात बोल्टवर राहिला. मग खाली आला.

"उडेपर्यंत," ते म्हणाले. "त्यापुढे एक दिवसही नाही." आणि बाहेर पडताना शटरवर डोकं आपटलं. तेही त्यांनी तत्त्वानं सोसलं, हूं की चूं केलं नाही.

यथावकाश चौघंही उडाली. दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले. शटर तिथंच.

"आता काय? घरटं रिकामं आहे."

"रिकामं म्हणजे सोडलेलं नव्हे, काका. साळुंकी त्याच घरात पुन्हा अंडी घालते. मी काविळीत पडले होते तेव्हा माझंही दुकान रिकामंच होतं. दिलंत का दुसऱ्या कुणाला?"

काकांनी तोंड उघडलं.

"तत्त्वाचा प्रश्न आहे," आत्या म्हणाली, हुबेहूब त्यांच्याच आवाजात.

काकांच्या बगलेत त्यांच्या घरचा बंद पडलेला मिक्सर होता. त्यांनी आधी मान वाकवली, मग पाठ.