नारळाच्या पाण्याने गंजलेलं बॉनेट

माझ्या पोर्चमध्ये वडिलांची अँबॅसिडर उभी आहे आणि ती मी दुरुस्त केली आहे. हे मी असं सरळ सांगून टाकते, कारण जरा आडून सांगितलं की लोक विचारतात, "कोणाकडून करून घेतली?" कोणाकडून नाही. वेल्डिंग आणि रंग तेवढे बाहेर झाले. इंजिन, ब्रेक, वायरिंग, पेट्रोलची टाकी हे सगळं माझ्या हातचं आहे. लोणखेड्याच्या आमच्या कॉलनीत हे सगळ्यांना माहीत आहे, तरी गेटपाशी थांबणारा प्रत्येक जण आधी माझ्या नवऱ्याचं अभिनंदन करतो. नवरा कॉलेजात शिकवतो आणि त्याला टायरची हवासुद्धा तपासता येत नाही. तो हात जोडून म्हणतो, "मला काही विचारू नका, ही माझी सवत आहे."

वडिलांनी गाडी जुनीच घेतली होती, केळीचं एक वर्ष बरं गेलं तेव्हा. आमचं गाव तापीकाठी, शहाद्याहून मिस्त्री बोलवायचा तर तो उद्या येतो म्हणून आठवडाभर येत नसे. मग वडीलच बॉनेट उघडायचे. विहिरीवरचं ऑइल इंजिन ते स्वतः खोलत, तसंच हेही. मी शेजारी उभी राहून पाने द्यायची. कोणत्या नटाला कोणता पाना लागेल हे त्यांनी मागण्याआधीच मला कळायचं. भाऊ माझ्यापेक्षा मोठा, त्याला हाताला काळं लागलेलं आवडायचं नाही. पण गाडी चालवायला वडिलांनी त्यालाच शिकवलं. मी हट्ट केला तेव्हा म्हणाले, तुला कशाला शिकायचं, तुला तर मागे बसायचं आहे. वडिलांवर माझा फार जीव होता, अजून आहे. त्या बोलण्याचा राग तेव्हाही आला होता, अजून येतो. दोन्ही एका घरात नीट नांदतात, मला त्याची काही अडचण होत नाही. नोकरी लागल्यावर मी आधी ड्रायव्हिंग शिकले आणि मग बाकीची स्वप्नं पाहिली.

वडील गेले, त्यांच्या आधी आई गेली होती. वडिलांचं वर्षश्राद्ध झाल्यावर भाऊ एकदा म्हणाला, उद्या जरा कचेरीत जाऊन येऊ. एवढंच. आमच्याकडे बहिणीला याहून जास्त सांगावं लागत नाही. ती जाते आणि शेताचं हक्कसोडपत्र करून देते. माझ्या आत्यांनी केलं, मावशांनी केलं, माझ्या वहिनीनेही तिच्या माहेरी तेच करून दिलं आहे. मीही सही केली. कचेरीबाहेर भावाने मला उसाचा रस पाजला आणि आम्ही घरी आलो. तेव्हापासून दर अखाजीला मला साडी येते. अक्षय्य तृतीयेला आम्ही अखाजी म्हणतो. त्या सणाला खानदेशात लेकी माहेरी जातात, झोके बांधले जातात, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी होते. साड्या चांगल्या असतात, वहिनीची निवड उत्तम आहे. पण वडिलांच्या वस्तूंपैकी तुला काय हवं, असं मला कोणी विचारलं नव्हतं. मला गाडी हवी होती.

गाडी तेव्हा खळ्यात उभी होती. गावाला लागून आमचं जुनं खळं आहे, पूर्वी तिथे मळणी व्हायची. आता एका पत्र्याखाली ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, खताच्या रिकाम्या गोण्या आणि त्यांच्याखाली अँबॅसिडर. वर्षभर तिच्याकडे कोणी बघायचं नाही. फक्त दसऱ्याला गोण्या उचलायच्या, गाडीला हार घालायचा, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, नारळ फोडून त्याचं पाणी त्यावर शिंपडायचं, आणि फोटो काढून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा. फोटोखाली सगळे हात जोडायचे. दुसऱ्या दिवशी गोण्या परत गाडीवर.

एका अखाजीला जेवणं झाल्यावर मी सगळ्यांसमोर गाडी मागितली. भाऊ आधी हसला. मग म्हणाला, "लई जाय माय ते भंगार. आठे जागा तरी मोकयी व्हई."

मी त्याच आठवड्यात घेऊन आले, तो विचार बदलायच्या आत. मागची चाकं जाम होती. ब्रेकच्या ड्रमवर हातोडी घालून घालून ती सोडवली आणि भावाच्याच ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी लोणखेड्याला ओढत आणली. स्टिअरिंगवर मी बसले होते. गावातले म्हणाले, बहिणीला आंदण दिलं वाटतं. मी काच खाली करून उत्तर देणार होते, पण काच खाली होत नव्हती.

मग सुरू झाली कॉलनीची करमणूक. ज्यांनी जन्मात बॉनेट उघडलं नाही असे पुरुष गेटवर हात टेकून सल्ले देऊ लागले. एक जण म्हणाला, याला डिझेल इंजिन टाका. दुसरा म्हणाला, मागचा भाग कापून अंगणात सोफा करा, फार छान दिसतो. शेजारीण रोज विचारायची, मॅडम, शाळेतून दमून येता, आणि हे कशाला? मी विज्ञान शिकवते. मुलांना वर्षानुवर्षं फळ्यावर चार आघाती इंजिन काढून दाखवलं, पण ते उघडून बघायची माझी इच्छा असू शकते हे कोणाच्या मनातच येत नव्हतं. तिला मी सांगितलं, तुम्ही भरतकाम करता ना, तसं हे. ती दुखावली. दुखावू दे.

इंजिन अडकून बसलं होतं. प्लग काढून त्या भोकांतून डिझेल आणि ऑइल ओतलं आणि मुरू दिलं. रोज शाळेतून आले की इंजिन फिरवायच्या पुढच्या हँडलला थोडा जोर लावून बघायचा. एका रविवारी दुपारी हँडल केसभर हललं. मी पोर्चमध्ये फरशीवर बसून रडले, तेही तेलकट हातांनी, त्यामुळे नंतर तोंड धुवायला पीठ लावावं लागलं. नवऱ्याने चहा केला आणि पहिल्यांदाच काही चेष्टा केली नाही.

त्यानंतर चुकाही मनसोक्त केल्या. प्लगच्या दोन वायरी उलट्या लावल्या आणि सायलेन्सरमधून असा बार निघाला की शेजारच्या पोर्चमधलं कुत्रं घरात पळालं. हँडल मारताना अंगठा चुकीच्या बाजूला ठेवला, इंजिनने उलटा झटका दिला आणि मनगट सुजलं. शाळेत सगळ्यांना ते स्वयंपाकघरात पडून झालं असावं असं वाटलं. मी प्रत्येकाला गाठून खरं कारण सांगितलं.

पण मला सांगायचंय ते बॉनेटचं. गाडी इतकी वर्षं पत्र्याखाली होती, आमच्याकडची हवा कोरडी, त्यामुळे पत्रा एकंदरीत शाबूत होता. दरवाजे, टप, डिकी, सगळीकडे वरवरचा गंज, पॉलिश पेपरने घासला की खाली धातू चमकायचा. बॉनेटच्या मधोमध मात्र घासता घासता पेपर आरपार गेला. तळहाताएवढं भोक. कडा खाल्लेल्या, लाल. मला आधी कळेना, पावसाचं पाणी गळत असतं तर ते टपावर पडलं असतं. मग फोनवर ग्रुपमधले जुने फोटो काढले. हार, कुंकू, नारळ. दर वर्षी तिथेच. ओलं कुंकू आणि नारळाचं पाणी त्याच जागी पडायचं, कोणी पुसायचं नाही, पुजलेलं पुसायचं नसतं ना, आणि वरून खताच्या गोण्या टाकायचे. सगळ्या गाडीत जिथे पूजा झाली तेवढीच जागा सडली होती.

इतकी वर्षं हात जोडणाऱ्या एकाही माणसाने चाकाला ग्रीस लावलं नव्हतं. मला माझ्या कपाटातल्या अखाजीच्या साड्या आठवल्या, आणि संताप आला. भावाचा नाही, म्हणजे त्याचाही, पण जास्त माझा. दर अखाजीला तसाच साडीचा हार घालून घेताना मीही छान हसत उभी राहिले होते. त्या दिवशी ठरवलं, या गाडीला कुंकवाचं बोटसुद्धा लागणार नाही आणि ती माझ्या नावावर होणार. वेल्डरने तेवढा भाग कापून नवा पत्रा बसवला. सांध्याची रेघ रंगाखाली झाकतो म्हणाला. मी म्हटलं, झाकू नका.

गाडी चालू झाली. आवाज अजून जरा घोगरा आहे, पण चालू झाली. आता तिची नोंदणी नव्याने करायची तर आधी ती माझ्या नावावर व्हायला हवी, आणि वडिलांचे वारस आम्ही दोघंच, म्हणून भावाची संमती हवी. मी त्याला फोन केला. गाडी चालू झाल्याचं त्याला कळलंच होतं, ग्रुपवर मीच व्हिडिओ टाकला होता. तो खूश होता. अखाजीला गाडी घेऊनच ये म्हणाला, सही तेव्हाच करतो.

कागद नसल्यामुळे हायवेने नेता येईना. पहाटे शेतरस्त्यांनी, केळीच्या बागांमधून हळूहळू नेली. दारात भाऊ ताट घेऊन उभा. नारळ, कुंकू, हार. घरचे सगळे मोबाइल धरून. तो पुढे आला तसा मी बॉनेटवर हात ठेवला आणि म्हटलं, याला पाणी लावायचं नाही. त्याला वाटलं, रंग ओला आहे. मी म्हटलं, रंग वाळलाय. वहिनीने पुढे होऊन ताट त्याच्या हातातून घेतलं.

जेवणं झाली, साडी झाली. मी संमतीचा कागद काढला. भावानेही एक कागद काढला. खळं गावठाणात असल्यामुळे माझ्या हक्कसोडीत राहून गेलं होतं आणि आता ते विकत घेणारा कोणीतरी मिळाला होता. त्यावर माझी सही हवी होती. तू इथे कर, मी तिथे करतो, असं तो सहज म्हणाला. मी पेन उघडलं होतं, हे खरं सांगते. तेवढ्यात तो पुढे म्हणाला, गाडी नावावर तुझ्या कर, पण राहू दे इथेच. वडिलांच्या वेळेपासून दसऱ्याची पूजा या घरात होते. तुला वाटेल तेव्हा ये, चालव, तुझीच आहे.

"नाव तुन्हं, गाडी आठे. त्यामा काय बिघडस?" त्याने विचारलं. त्याला खरंच कळत नव्हतं. तो वाईट माणूस नाही. माझ्या बाळंतपणात मला दवाखान्यात घेऊन धावला होता. म्हणूनच मला आणखी राग आला, कारण वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं.

मी पेनाला टोपण लावलं. म्हटलं, "मी सही नही करस, भाऊ. ना आज, ना दिवाळीले."

मग मीही सही करत नाही, तो म्हणाला. नको करू, मी म्हटलं. बाकीच्यांनी समजावलं, सणाचा दिवस आहे, लेकीने असं बोलू नये, बापाच्या आत्म्याला काय वाटेल. मी म्हटलं, त्यांना पाना कुठला लागेल ते मला कळायचं, आत्म्याचंही मी बघून घेईन. ही भाषा त्या घरात माझ्या तोंडून कोणी ऐकली नव्हती. निघताना मी साडी तिथेच ठेवली. आंबे घेतले, कारण ते वहिनीने दिले होते.

वहिनी गाडीपर्यंत सोडायला आली. ती फार बोलणारी नाही. दरवाजा हाताने चाचपत तिने हळूच विचारलं, "गाडी शिकाले कितला दिन लागतस?"

तेव्हापासून खळं वडिलांच्या नावावर पडून आहे आणि गाडीही त्यांच्याच नावावर आहे. भावाला ते विकता येत नाही, मला गाडी हायवेवर काढता येत नाही. ग्रुपवर आता मला कोणी सणाच्या शुभेच्छा देत नाही. मी रोज संध्याकाळी गाडी चालू करते, गेट उघडून कॉलनीच्या मागच्या शेतरस्त्याने एक चक्कर मारून येते. लोक बघतात. बघू देत.

रविवारी वहिनी येते. नणंदेकडे चालले असं घरी सांगून येते, लपवत नाही. पदर कमरेला खोचून स्टिअरिंगवर बसते. क्लच एकदम सोडते, गाडी उडी मारून बंद पडते, मी शिव्या घालते, ती परत चावी फिरवते. परवा दोन्ही बाजूंनी केळी आणि मध्ये गाडी बंद पडलेली, अशा जागी ती स्टिअरिंगवरचे हात न काढता म्हणाली, "मन्हा भाऊना फोन उना व्हता. त्यास्ना घरनी जागा ऱ्हायेल शे, मन्ही सही मांगी. मी सांगं, इचार करसू."

म्हणजे तिच्याही हक्कसोडीत माहेरच्या घराची जागा राहून गेली होती. तिने गिअर टाकला आणि या वेळी क्लच हळू सोडला.